पाखऱ्याच्या नात्यातली पिकअप

प्रीतमच्या पिकअपची टायमिंग चेन लांजीच्या बाजारात, भर गर्दीत, वांगी आणि बांगड्यांच्या मधोमध तुटली. आवाज एवढा झाला की जिलेबीवाल्याचा हात हलला आणि त्या दिवशी एक जिलेबी सरळ निघाली.

असं काही झालं नाही.

म्हणजे प्रीतमच्या घरी विचाराल तर असं काहीही झालेलं नाही. त्याची आई मैनाबाई सांगेल, गाडी जरा बसली आहे. मामा महागू त्यातही दुरुस्ती करतील, "बसली नाही, टेकली." गाडी ज्याने विकली त्या परसवाड्याच्या पुनारामला विचाराल तर तो म्हणेल, गाडी एकदम फर्स्ट क्लास, भाचाच सांगतो ना फोनवर. आता एवढी जाणती माणसं एका सुरात बोलत असतील तर आपण कोण? तेव्हा वरची जिलेबी आपणही पाहिली नाही असं धरू आणि गाडी घ्यायच्या आधीपासून सुरू करू.

प्रीतम हट्टा गावचा. वय लग्नाचं, लायसन्स पक्कं, गाडी दुसऱ्याची. असे बरेच दिवस गेल्यावर त्याला एक संधी आली. आठवडी बाजार करणाऱ्या बाया आणि माणसं असतात, आज लांजी, उद्या परसवाडा, परवा आणखी कुठे. बांगड्या, भांडी, सुकी मासळी, गमछे. हे सगळं सामान आणि त्यावर बसलेली माणसं वाहून नेणारा जुना गाडीवाला निवडणुकीत प्रचाराला गेला होता. निवडणूक संपली, उमेदवार पडला, गाडीवाला मात्र अजून प्रचारच करत होता. बाजारवाले उघड्यावर आले. त्यांची पुढारीण गोदाबाई बांगडीवाली. तिने प्रीतमला बोलावून सांगितलं:

"पाह्य बाबू, पुढच्या लांजी बाजाराले ज्याची गाडी उभी, त्याचे आम्ही. आमचं कोणावर प्रेम नाही."

"माझीच राहीन, गोदाबाई."

"आन रस्त्यात बंद पडली तं?"

"नाही पडणार."

"पडली तं दुसऱ्याचे आम्ही. सांगून ठेवलं."

म्हणजे प्रीतमला गाडी हवी होती, आणि न पडणारी हवी होती. नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुनी घ्यायची तर एकच भीती. ती त्याला मोबाइलने लावली होती.

टोपी घातलेला एक माणूस मोबाइलवर जुन्या गाड्या कशा तपासाव्यात ते हिंदीत सांगतो. प्रीतमने त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले होते, जेवताना, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतही. इंजिनाच्या पोटात एक साखळी असते. खालचा दांडा फिरला की ती वरचा दांडा फिरवते, आणि दोघांचा ताल सांभाळते. तेल वेळेवर बदललं तर ती दोन-तीन लाख किलोमीटर मुकाट्याने चालते. तेलाच्या ऐवजी नुसती अगरबत्ती लावली तर कधीही लांबते, ढिली पडते. ढिली पडली की ताल चुकतो, ताल चुकला की वरचे व्हॉल्व्ह खालच्या पिस्टनवर आपटतात, आणि इंजिन भंगारवाल्याच्या तराजूत जातं. ओळखायची खूण एकच. रात्रभर थंड पडलेलं इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू करा. चेन म्हातारी असेल तर ती खडखडते. एकदा इंजिन तापलं की खडखड गायब. गरम इंजिन म्हणजे पाहुण्यांसमोर बसवलेलं पोरगं, केवढंही वांड असो, चूप बसतं.

"ठंडा इंजन, भाईयों, ठंडा इंजन," टोपीवाला म्हणायचा.

परसवाड्याच्या पुनारामची पिकअप विकायला निघाल्याचं कळलं, तसा प्रीतम सकाळच्या बसने तिथे पोचला. पांढरी गाडी, मागच्या फळीवर लाल अक्षरात 'गीता'. मीटरवर किलोमीटर इतके कमी की गाडी बहुधा अंगणातल्या अंगणातच वाढली असावी. ब्रेकच्या पॅडलचं रबर मात्र पार गुळगुळीत.

"ते मले बसल्या बसल्या पाय घासायची आदत आहे," पुनाराम म्हणाला. गोल चेहऱ्याचा, सतत आनंदात असलेला माणूस. त्याच्याकडे बघून आपणच काहीतरी चुकीचं करतोय असं वाटायचं.

प्रीतमने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. बॉनेटवर पापड भाजला असता.

"गरम आहे."

"हौ, आत्ताच डेअरीवर दूध टाकून आलो. बसा ना. कोण गावचे तुम्ही?"

इथे प्रीतमचा चेहरा पडला, कारण खरा धोका आता सुरू झाला होता.

आपल्या भागात दोन अनोळखी माणसं भेटली की आधी गाव विचारतात, मग वडिलांचं नाव, मग आईचं माहेर. चहा संपेपर्यंत ती सोयरी निघतात. आणि एकदा माणूस सोयरा निघाला की त्याची वस्तू तपासायची नसते. सोयऱ्याच्या बैलाचे दात पाहणं म्हणजे सोयऱ्याच्याच तोंडात हात घालणं. प्रीतमच्या काकांनी एका सोयऱ्याकडून पाण्याचा पंप घेतला होता. त्यातून आजतागायत पाणी आलेलं नाही. काका बादलीने वाफे भिजवतात आणि पंपाची तारीफ करतात. त्या पंपाला दर दसऱ्याला झेंडूचा हार पडतो.

"गावचा म्हणजे... असाच," प्रीतम म्हणाला.

"असाच म्हणजे?"

"बालाघाटकडचा."

"बालाघाट तं पूर्ण जिल्हा आहे, बाप्पा. आईचं माहेर कोणतं?"

"आईले माहेर नाही."

पुनारामने त्याच्याकडे कळवळून पाहिलं. पण प्रीतमने चहा अर्धाच ठेवला आणि नातं निघायच्या आत उठला.

दुसऱ्या वेळी तो आणखी लवकरची बस धरून गेला. बॉनेट गरमच. "देवाले नारळ फोडाले गेलतो," पुनाराम म्हणाला. देऊळ अंगणातून दिसत होतं. मध्ये एक लिंबाचं झाड आणि एक शेळी एवढंच अंतर.

आता उपाय एकच होता. आदल्या संध्याकाळीच जाऊन त्या घरी मुक्काम करायचा आणि इंजिनाच्या आधी उठायचं. आलेल्या पाहुण्याला रात्री बसस्टँडवर पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही, तेवढा भरवसा प्रीतमला होता. पण त्याने हे घरी सांगितलं आणि आईने जाहीर केलं:

"एकटा जाऊ नको. मामाले घेऊन जाय. महागूले वस्तू पारखता येते."

महागूमामांनी उभं आयुष्य बैलबाजारात दलाली केली होती. दोन दाती, चार दाती, सहा दाती. जबडा उघडून बैलाचं वय सांगायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे. मग ट्रॅक्टर आले. बैल गेले, पण मामांची पारख शिल्लक राहिली, आणि ती आता मिळेल त्या वस्तूवर चालायची. घरी नवा फ्रिज आला तेव्हा मामांनी त्याला चारी बाजूंनी फिरून पाहिलं, दार उघडून आत तोंड घातलं आणि म्हणाले, "चार दाती आहे. अजून दहा वर्षं ओढन."

मामांचं दुसरं वैशिष्ट्य असं की या जिल्ह्यात त्यांना सोयरा नसलेलं घर अजून सापडायचं होतं. म्हणून बसमध्येच प्रीतमने त्यांच्याकडून वचन घेतलं.

"मामा, तिथं कोणालेच ओळखायचं नाही."

"बरं."

"गाव विचारलं तं सांगायचं नाही."

"मंग काय सांगू?"

"विसरलो म्हणा."

"स्वतःचं गाव?"

"हौ."

"आन त्यानं त्याचं गाव सांगतलं तं?"

"ऐकायचं नाही."

मामांनी मान हलवली, पण तोंड असं केलं, जणू कोणी त्यांना पाण्याशिवाय उपास धरायला लावला आहे. "माणसाले ओळखायचं नाही," ते पुटपुटले. "ठीक आहे. एका रात्रीचा तं प्रश्न आहे."

पुनारामने दोघांना पाहून अंगणातच हात पसरले. त्याची बायको गीताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाहुणे मुक्कामाला आलेत म्हटल्यावर तिने विचारलंच नाही काहून आले. सरळ भात वाढवला. आणि पुनाराम कामाला लागला.

"मामाजी, कोण गाव तुमचं?"

मामांनी प्रीतमकडे पाहिलं. प्रीतमने मामांकडे पाहिलं.

"विसरलो," मामा म्हणाले.

"असं कसं?"

"वय झालं."

"बरं, आमच्या इकडे कोणी सोयरे?"

मामांच्या कपाळावरची शीर उडाली. कारण पुनारामच्या आडनावाची निदान सहा घरं त्यांना तोंडपाठ होती. पण वचन म्हणजे वचन. "मी अनाथ आहे," मामा म्हणाले, आणि प्रीतमला एकदम भरून आलं.

जेवण झालं. चिन्नोर तांदळाचा भात, वरण, वांग्याची भाजी. मामा खाली मान घालून जेवले, कोणाचा चेहरा दिसू नये म्हणून. पुनारामने बायकोचं माहेर सांगितलं, मामांनी वरण मागितलं. पुनारामने साळ्याच्या सासऱ्याचं नाव सांगितलं, मामांना ठसका लागला, पण ते बोलले नाहीत. प्रीतमने मनात म्हटलं, जिंकलो. आता फक्त सकाळ व्हायची आहे.

आणि हात धुवायला उठलेल्या मामांची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर दोन फोटो होते, दोन्हींना हार. एक गीताबाईच्या वडिलांचा. दुसरा एका बैलाचा. पोळ्याच्या दिवशी काढलेला असावा. अंगावर झूल, शिंगांना बेगड, कपाळावर भोवरा, आणि डावं शिंग जरासं पुढे कललेलं.

मामांच्या हातातला तांब्या खाली आला.

"पाखऱ्या," मामा म्हणाले.

"मामा!" प्रीतम ओरडला.

"हा पाखऱ्या व्हय!" मामांचा आवाज फाटला. "हे शिंग मी विसरन का? याले मी विकला! आन याचा जोडीदार, एकाच गाईचा, तो आमच्या घरी होता, चांद्या! दोघं भाऊ भाऊ!"

गीताबाईने पदर तोंडाला लावला. "दादा! चांद्याच्या घरचे तुम्ही? बाबा मरेपर्यंत म्हणे, पाखऱ्याचा भाऊ कुठी गेला, पाखऱ्याचा भाऊ कुठी गेला."

"चांगल्या घरी गेला, बाई. आमच्याच गोठ्यात गेला. डोळे मिटेपर्यंत पेंड खाल्ली त्यानं."

ती मामांच्या पाया पडली. मामा रडले. पुनारामही रडला, पण त्याचा एक डोळा पिकअपवर होता असं प्रीतमला वाटलं. कोरडा असा तिथे फक्त प्रीतम होता.

"मामा, तुम्ही वचन दिलं होतं."

"मी माणसाले ओळखलं का?" मामा नाक पुसत म्हणाले. "मी बैलाले ओळखलं."

हिशेब सरळ झाला. चांद्या आणि पाखऱ्या भाऊ, म्हणून दोन घरं एका गोठ्याची. म्हणून गीताबाई मामांची बहीण, प्रीतमची मावशी. म्हणून पुनाराम मामांच्या बहिणीचा नवरा, म्हणजे घराचा जावई. आणि जावयाच्या वस्तूत खोट काढणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला आलेला नाही; आला असेल तर त्याला कोणी जेवायला बोलावत नाही.

तरी प्रीतमने आशा सोडली नाही. कोंबडा आरवायच्या आधी तो उठला, अंगणात गेला आणि बॉनेटवर हात ठेवला. गार. वर दव पडलेलं. टोपीवाल्याने स्वप्नात पाहावं असं थंड इंजिन.

मागे पुनाराम उभा होता, दात घासत. "करा ना बाबू सुरू," तो प्रेमाने म्हणाला. "आपलीच गाडी आहे. घ्या चाबी."

कालपर्यंत बॉनेट तापवून ठेवणारा माणूस आज थंड इंजिनाची किल्ली हातात देतोय, याचा अर्थ प्रीतमला किल्ली फिरवताना कळला.

गाडी सुरू झाली. आणि इंजिनाच्या पोटातून असा आवाज आला की जणू कोणीतरी लोखंडी पेटीत सुपाऱ्या भरून ती पेटी जिन्यावरून ढकलली आहे, आणि जिना संपतच नाही. टोपीवाला म्हणाला होता, दोन-तीन सेकंद खडखड झाली तर सावध व्हा. इथे मामा झोपेतून उठले, धोतर सावरलं, बाहेर आले, चूळ भरली, तरी सुपाऱ्या पडतच होत्या. शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत गेलं.

मग इंजिन तापलं. आवाज विरला.

मामा आभाळाकडे पाहत होते. पुनाराम कडुनिंबाची काडी पाहत होता. गीताबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"आज कोंबड्यायनं लय गडबड केली," ती म्हणाली.

प्रीतमने इकडे तिकडे पाहिलं. त्या घरी कोंबड्या नव्हत्या. एक कोंबडा होता, शेजाऱ्याचा.

"मामा," प्रीतम दबक्या आवाजात म्हणाला, "ऐकलं ना?"

"काय?"

"खडखड."

मामांनी त्याला बाजूला घेतलं. "पाह्य पोट्ट्या. पाखऱ्या लंगडत होता, गीताच्या बापाले दिसत होतं. त्यानं मले काही म्हटलं का? आयुष्यभर नाही. फोटो लावला भिंतीले. आन तू एक आवाज सहन नाही करत?"

म्हणजे मामांनी गीताबाईच्या वडिलांना लंगडा बैल विकला होता! प्रीतमला क्षणभर वाटलं की पुनाराम आता हिशेब चुकता करतोय. मग वाटलं, नाही, पुनारामला तेही माहीत नसणार. कारण या घरात पाखऱ्या लंगडत होता हे कोणीच, कधीच बोललं नसणार.

"मावशीच्या पाया पड," मामा म्हणाले.

प्रीतम पाया पडला. रुमालाखाली मामा आणि पुनारामची बोटं एकमेकांना भेटली. जावयाशी घासाघीस करायची नसते, त्यामुळे बोटं भांडली नाहीत, नुसती गळ्यात पडली. रुमाल उचलला तेव्हा गाडीचा सौदा झाला होता, वर मावशीला लुगडंही कबूल झालं होतं.

लांजीच्या बाजाराला प्रीतमची गाडी उभी होती. गोदाबाईने चारी बाजूंनी पाहिली, 'गीता' वाचलं, "बायको कराची राहिली आन नाव लिवून मोकळा झाला," म्हणाली, आणि बांगड्यांची पेटी चढवली. मागोमाग बाकीचे चढले. तो पहिला फेरा नीट झाला. दुसराही. तिसऱ्या खेपेला बाजारात पोचून प्रीतम गाडी मागे घेत होता, आणि मग ते झालं जे झालेलं नाही.

गाडी जिथे होती तिथेच राहिली. प्रीतमने मामांना फोन करून निघायला सांगितलं, मग मेकॅनिक गाठला. प्रेमलाल म्हणून लांजीचाच. त्याने इंजिनाचं पुढचं झाकण काढलं, हात घातला आणि चेनचे दोन तुकडे बाहेर काढले. तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर मागच्या फळीवरच्या 'गीता'वर गेली.

"ही पुनारामभाऊची गाडी व्हय ना? परसवाड्याचे?"

"हौ."

"ते माझे साडभाऊ लागतात, आमच्या बायका बहिणी बहिणी."

प्रेमलालने दोन्ही तुकडे फडक्याने पुसले आणि सीटवर हळूच ठेवले. "चेन चांगली आहे," तो म्हणाला. "फक्त दोन जागी आहे."

"म्हणजे तुटली ना?"

"मी असं म्हटलं नाही. असं मी म्हणूच शकत नाही, माझी बायको घरी आहे." त्याने आवाज खाली आणला. "व्हॉल्व्ह वाकले आहेत, पूर्ण काम निघन. पन पुनारामभाऊनं सांगतल्याबगर मी हात नाही लावत. चांगल्या गाडीले कशी दुरुस्त करू?"

प्रीतमने पुनारामला फोन लावला. मनाशी ठरवलं, आज सांगायचं. चेन म्हातारी होती, तुम्हाला माहीत होतं, खर्च द्या. फोन गीताबाईने उचलला.

"बाबू! गाडी चालून राह्यली ना? तुझ्या मावसाजीले रोज विचारते मी. ते म्हणतात, भाच्यापाशी आहे, मंग चिंता काय."

"चालून राह्यली, मावशी," प्रीतम म्हणाला. तोंड त्याचं होतं, पण वाक्य पूर्ण घराण्याचं होतं. "एकदम फर्स्ट क्लास."

"लुगडं लय सुंदर आहे."

"हौ, मावशी."

फोन ठेवून त्याने पाहिलं तर समोर गोदाबाई. कमरेवर दोन्ही हात, मागे सगळा बाजार.

"तुटली," गोदाबाई म्हणाली. असं सरळ, सगळ्यांसमोर. प्रीतमला ते ऐकून गार पाणी प्याल्यासारखं वाटलं. त्या गावात खरं बोलू शकणारी ती एकटीच होती, कारण ती कोणाचीच कोणी लागत नव्हती.

"हौ, तुटली," तो हळूच म्हणाला.

"मंग आम्ही दुसऱ्याचे. सांगतलं होतं." आणि तिने बांगड्यांची पेटी रस्त्यावर मांडून एका निळ्या पिकअपला हात केला.

तेवढ्यात बसमधून महागूमामा उतरले. प्रीतमने निळ्या पिकअपकडे पाहिलं, ती वळून येत होती. गोदाबाईच्या पेटीकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मामांच्या कानात सांगितलं:

"मामा, तिले गाव विचारा."

"तू तं म्हणाला होता—"

"विचारा!"

मामांचा चेहरा बैलबाजार भरल्यासारखा उजळला. "बाई, कोण गावच्या तुम्ही?"

"काहून सांगू?"

"घरी बैल होता का?"

"आमच्याकडे शेती नाही, बैल कुठून येईन?"

"गाय?"

"नाही."

प्रीतमने डोळे मिटले. निळ्या पिकअपने हॉर्न दिला.

"बकरी?" मामा म्हणाले.

"बकरी होती," गोदाबाई म्हणाली. "पन तिचं काय?"

"चितकबरी?"

"हौ."

"गळ्याखाली दोन लोंब्या. लांजीच्याच बाजारातून घेतली असन."

गोदाबाईचे हात कमरेवरून खाली आले. "सासूनं घेतली होती. तुमाले कसं मालूम?"

"तिचा बोकड आमच्या दारी होता," मामा म्हणाले, आणि बोकडाच्या आठवणीने त्यांनी खरंच डोळे पुसले. मामांच्या दारी बोकड होता की नव्हता हे प्रीतमला आजही माहीत नाही. त्याने विचारलेलं नाही. मामा सोयरे लागतात.

गोदाबाईने रस्त्यावरची पेटी उचलली. मग वळून बाजारवाल्यांवर खेकसली, "काय पाहून राह्यले रे? चढवा सामान! काही झालं नाही गाडीले. टेकली आहे." आणि निळ्या पिकअपला तिने असं हाकललं की जणू ती बोलावल्याशिवाय आली होती.

सगळे न चालणाऱ्या गाडीत चढून बसले. मामांनी एक ट्रॅक्टरवाला गाठला (तोही सोयरा निघाला), त्याने दोर बांधला, आणि पिकअप हट्ट्याच्या दिशेने निघाली.

तेव्हापासून हे असंच सुरू आहे. दर बाजाराला पुढे ट्रॅक्टर, मागे दोर, दोराला पिकअप, पिकअपमध्ये गोदाबाई आणि मंडळी. वाटेत कोणी बोट दाखवलं तर गोदाबाई ओरडून सांगते की ट्रॅक्टर बिघडला आहे, पिकअप त्याला मागून ढकलून राहिली. बाजारवाले प्रीतमचे राहिले, पण जे भाडं येतं ते सगळं ट्रॅक्टर पिऊन जातो. चेन टाकायची तर प्रेमलाल पाहिजे, प्रेमलालला पुनारामचा शब्द पाहिजे, आणि पुनारामला सांगायचं तर चेन तुटली असं तोंडाने म्हणावं लागतं. पुढच्या हंगामापर्यंत असंच चाललं तर ट्रॅक्टरवाला गाडीच घेऊन जाईल. सोयरा आहे, नाही म्हणता येणार नाही.

म्हणून एका मंगळवारी प्रीतम बालाघाटला कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या दरबाराला, गेला. रांगेत टेबलामागच्या बाबूने अर्ज हातात घेतला, न वाचताच वर पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "कौन गाँव के हो?"

"भूल गया, साहब," प्रीतम म्हणाला.

अर्ज असा होता:

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी महोदय, बालाघाट.

विषय: सोयरीक मागील तारखेपासून रद्द करण्याबाबत.

महोदय,

सविनय निवेदन की अर्जदार प्रीतम, राहणार हट्टा, आणि श्री. पुनाराम, राहणार परसवाडा, यांच्यात कै. चांद्या आणि कै. पाखऱ्या (दोन्ही बैल) यांच्यामार्फत सोयरीक असल्याचे एका फोटोवरून उघड झाले आहे. सदर दोन्ही पक्ष आता हयात नसल्याने त्यांचे म्हणणे घेता येत नाही. तरी सदर सोयरीक, पिकअप खरेदीच्या आदल्या संध्याकाळी, जेवण झाल्यानंतर परंतु हात धुण्यापूर्वीच्या वेळेपासून रद्द करण्यात यावी. श्रीमती गीताबाई यांना दिलेले लुगडे परत मागण्यात येणार नाही. श्रीमती गोदाबाई यांच्याशी बकरीमार्फत असलेली सोयरीक मात्र कायम ठेवण्यात यावी.

प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत अर्जदारास परसवाडा येथे, श्री. पुनाराम यांच्या अंगणात उभे राहून, पोलीस बंदोबस्तात, "चेन खडखडत होती" हे वाक्य एकदा मोठ्याने बोलण्याची तात्पुरती परवानगी देण्यात यावी, व त्या वेळी महागूमामांना सरकारी खर्चाने जिल्ह्याबाहेर, जिथे त्यांचा एकही सोयरा नाही अशा ठिकाणी ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.